किनारी व सागरी क्षेत्र नियोजन

समुद्रकिनारा, खाड्या, पुळणी, खारफुटीची वने आणि किनाऱ्यालगतचा समुद्र यांचा वापर कोणी, कोठे, कोणत्या ऋतूत व किती मर्यादेपर्यंत करावा हे आधी ठरवून त्यानुसार व्यवस्था लावण्याची पद्धती. तिचे दोन भाग पडतात. भरतीरेषेच्या जमिनीकडील बाजूस बांधकाम, वाळूउपसा, भराव, सांडपाणी इत्यादींचे नियमन करणाऱ्या भागास किनारी क्षेत्र व्यवस्थापन म्हणतात. प्रत्यक्ष जलक्षेत्रात मासेमारी, नौकानयन, खनिज तेल, निसर्गसंरक्षण, पवन ऊर्जा, पर्यटन व संरक्षण या वापरांची सांगड घालणाऱ्या भागास सागरी क्षेत्र नियोजन अशी संज्ञा आहे. पहिला भाग भारतात १९९१ पासून कायद्याच्या चौकटीत आला. दुसरा अद्याप प्रायोगिक अवस्थेत आहे.

नगररचनेत जमिनीचे तुकडे पाडता येतात, प्रत्येक तुकड्याला मालक असतो व त्याची नोंद सात-बारा उताऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर असते. समुद्राचे तसे नाही. एकाच जागी पृष्ठभागावरून जहाज जाते, मधल्या पाण्यात जाळे असते आणि तळावर नळ किंवा तार टाकलेली असते. मासळी स्थलांतर करते, वाळूचे दांडे सरकतात. पावसाळ्यात लहान होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागत असल्याने जे क्षेत्र मे महिन्यात गजबजलेले असते ते जुलैमध्ये मोकळे दिसते. म्हणून सागरी नियोजनात लांबी-रुंदीबरोबर खोली व काळ यांचाही विचार करावा लागतो. येथील बहुसंख्य वापरकर्त्यांकडे हक्काचा लेखी पुरावा नसतो. ज्याचा वापर नकाशावर दाखविला जात नाही, त्याची जागा मोकळी समजली जाते व ती दुसऱ्या कामासाठी दिली जाते. किनाऱ्यावरील बहुतेक तंट्यांचे मूळ या एका गोष्टीत आढळते.

वापरांतील विरोध : काही वापर परस्परांना पूरक, तर काही परस्परविरोधी असतात. खारफुटीचे वन व मासेमारी हे पूरक वापर होत. कारण कोळंबी व अनेक जातींच्या माशांची पिल्ले खारफुटीच्या मुळांच्या आश्रयाने वाढतात. याउलट जहाजांचा मार्ग व खुंटावर बांधलेली जाळी एकाच जागी राहू शकत नाहीत. मुंबईच्या वायव्येस सु. १६० किमी. वर १९७४ मध्ये ‘मुंबई हाय’ या क्षेत्रात खनिज तेलाचा शोध लागल्यानंतर तेथील मनोरे व उरणपर्यंतच्या नळवाहिन्या यांमुळे समुद्राचा एक नवा वापर सुरू झाला. अशा मनोऱ्यांभोवती सुरक्षिततेसाठी ५०० मी. चे क्षेत्र राखलेले असते व तेथे नौकांना प्रवेश नसतो. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यावर मुंबईच्या जलमार्गावरील ताण वाढला. ७ ऑगस्ट २०१० रोजी या मार्गात ‘एम. एस. सी. चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली आणि ‘चित्रा’मधून सु. ८०० टन तेल समुद्रात सांडले. अपघात जहाजांचा असला, तरी त्याची झळ खारफुटीला, तसेच मासळीवर जगणाऱ्या गावांनाही बसली. एका वापराचा परिणाम दुसऱ्या वापरावर कसा होतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

रूढ हक्क : शासकीय नियोजनाच्या पुष्कळ आधीपासून कोकणच्या किनाऱ्यावर समुद्राच्या वापराचे नियम रूढ होते. पालघरपासून रायगडपर्यंतच्या उत्तर भागात डोल जाळ्यांची पद्धत आहे. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना नरसाळ्याच्या आकाराचे जाळे बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, करंदी यांसारखी मासळी त्यात शिरते. जाळे स्थिर असल्याने जागेला महत्त्व येते. कोणत्या गावाचे व कोणत्या घराण्याचे खुंट कोठे असावेत, हे गावकीच्या संमतीने ठरते. दक्षिणेकडे, विशेषतः मालवणच्या परिसरात, रापण ही सामुदायिक पद्धत आहे. होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार टाकून त्याची दोन्ही टोके अनेक माणसे पुळणीवरून ओढतात आणि मासळीची वाटणी ठरलेल्या हिश्शांनी होते. रापणीला उथळ समुद्र व मोकळी पुळण या दोन्हींची गरज असते. त्यांपैकी एकही गेल्यास रापण थांबते.

या हक्कांचा प्रश्न १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. मासेमारांच्या दोन गटांतील त्या दाव्यात एका गटाने दुसऱ्याच्या खुंटांना अडथळा होईल इतक्या जवळ आपले खुंट रोवल्याची तक्रार होती. समुद्रात मासे धरण्याचा हक्क सर्वांचा सामाईक आहे, तो कोणाची मालमत्ता नव्हे. तथापि तो वाजवी रीतीने बजावला पाहिजे, इतरांच्या तितक्याच हक्कास त्यामुळे बाध येता कामा नये आणि तसा बाध येऊन नुकसान झाल्यास दाद मागता येते, असे तत्त्व न्यायालयाने मांडले. दोन खुंटांमधील अंतरासंबंधीचा हा निर्णय सागरी नियोजनाच्या मूळ प्रश्नालाच हात घालतो. सामाईक जागेत मालकी नसली, तरी अंतर ठेवावे लागते आणि ते कोणीतरी ठरवावे लागते.

खाडीकाठी अशीच व्यवस्था खार व खाजण जमिनींत दिसते. खाऱ्या पाण्याला बांध घालून त्यामागे भातशेती करतात. गोव्यात बांधातील दारांना मानस म्हणतात. ओहोटीच्या वेळी आतले पाणी बाहेर जाते, भरती येताच दारे पाण्याच्या दाबाने बंद होतात व दारापाशी मासळी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. शेती, मासेमारी व पूरनियंत्रण या तिन्ही गोष्टी एकाच बांधावर अवलंबून असल्याने बांधाची डागडुजी ही गावाची सामाईक जबाबदारी असे व गोव्यात ती गावकरी संस्था, म्हणजेच कोमुनिदाद, पाहत असे. पुढे कुळकायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. महाराष्ट्रात खार जमिनींसाठी प्रथम १९४८ चा व नंतर १९७९ चा खार जमीन विकास कायदा करण्यात आला. बांधाची देखभाल थांबली की शेतात खारे पाणी शिरते आणि काही वर्षांत तेथे खारफुटी उगवते. मग ती जमीन शेतकऱ्याची की वनाची, असा नवा प्रश्न उभा राहतो.

सागरी हद्दी व अधिकार : १९७६ च्या कायद्यान्वये भारताचा प्रादेशिक समुद्र किनारी आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत (सु. २२ किमी.), संलग्न क्षेत्र २४ सागरी मैलांपर्यंत व अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांपर्यंत (सु. ३७० किमी.) आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्य सूचीतील, तर प्रादेशिक समुद्राबाहेरील मासेमारी हा संघ सूचीतील विषय होय. नौकानयन, मोठी बंदरे व खनिज तेल हे विषय केंद्राकडे आहेत. लहान बंदरांचा कारभार राज्यात महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. खारफुटीच्या संरक्षणासाठी वनविभागात २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. किनाऱ्यावरील बांधकामांच्या प्रस्तावांची छाननी महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण करते. प्रत्येक खाते आपल्या कायद्यापुरते पाहते. त्यामुळे एकाच खाडीसंबंधी चार खात्यांचे चार निर्णय होतात व त्यांची बेरीज काय होते हे पाहण्याचे काम कोणाकडेच नसते. ही उणीव भरून काढणे हा सागरी क्षेत्र नियोजनाचा मुख्य हेतू होय.

जलक्षेत्राच्या वाटणीचा महाराष्ट्रातील सर्वांत जुना आधुनिक कायदा म्हणजे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. यांत्रिक ट्रॉल नौका उथळ पाण्यात तळ खरवडू लागल्यानंतर पारंपरिक मासेमारांशी त्यांचे संघर्ष होऊ लागले; या पार्श्वभूमीवर हा कायदा झाला. त्याखालील आदेशांनी किनाऱ्याच्या काही भागांत ५ वाव, तर काही भागांत १० वाव खोलीपर्यंत ट्रॉल मासेमारीस मनाई केली (१ वाव = सु. १.८३ मी.). येथे हद्द अंतराने न ठरविता खोलीने ठरविली, हे लक्षणीय आहे. कारण मासेमार समुद्र ओळखतो तो खोलीनेच. पुढे मोठ्या घेराच्या पर्ससीन जाळ्यांवरून वाद वाढला. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने या जाळ्यांचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा मर्यादित केला व परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत आणण्याचे ठरविले. समुद्रात प्रखर दिव्यांच्या साहाय्याने मासळी गोळा करून पकडण्यास केंद्र शासनाने २०१७ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रात बंदी घातली. २०२१ च्या सुधारणेने राज्याच्या कायद्यातील दंडाच्या तरतुदी कडक करण्यात आल्या. तथापि गस्तीची साधने अपुरी असल्यास खोलीची रेषा कागदावरच राहते, अशी तक्रार मासेमार संघटनांकडून वारंवार होते.

किनारा नियमन क्षेत्र : १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून भरतीरेषेपासून ५०० मी. पर्यंतचा पट्टा मोकळा ठेवण्याची सूचना केली. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघालेल्या अधिसूचनेने या सूचनेला कायद्याचे रूप दिले. भरतीरेषेपासून जमिनीकडील ५०० मी. व भरती-ओहोटीच्या रेषांमधील पट्टा यांना किनारा नियमन क्षेत्र ठरवून त्याचे चार वर्ग पाडण्यात आले : (१) खारफुटी, प्रवाळ, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे यांसारखी नाजूक क्षेत्रे; (२) किनाऱ्यापर्यंत वस्ती झालेली नागरी क्षेत्रे; (३) तुलनेने अविकसित, मुख्यतः ग्रामीण क्षेत्रे व (४) बेटे. तिसऱ्या वर्गात पहिल्या २०० मी. मध्ये नव्या बांधकामास मनाई होती. राज्यांनी आपले व्यवस्थापन आराखडे तयार करावयाचे होते. ते वेळेवर झाले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९६ मध्ये त्याबद्दल आदेश दिल्यानंतर कामास गती आली व महाराष्ट्राच्या आराखड्यास सप्टेंबर १९९६ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली.

६ जानेवारी २०११ च्या नव्या अधिसूचनेने चौथ्या वर्गात प्रादेशिक समुद्राच्या १२ सागरी मैलांपर्यंतच्या पाण्याचा समावेश केला. त्यामुळे नियमन प्रथमच जमिनीकडून पाण्याकडे सरकले. बृहन्मुंबईतील कोळीवाडे निश्चित करून त्यांचे मोठ्या प्रमाणावरील नकाशे करावेत व त्यांना तिसऱ्या वर्गात धरावे, तसेच गोव्यातील खाजण जमिनींचे नकाशे करून त्यांचे रक्षण करावे, अशा विशेष तरतुदी तीत होत्या. १८ जानेवारी २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या अधिसूचनेने तिसऱ्या वर्गाचे दोन पोटवर्ग केले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौ. किमी. स २,१६१ हून अधिक घनता असलेल्या ग्रामीण क्षेत्रात बांधकामबंदीचा पट्टा २०० मी. वरून ५० मी. पर्यंत कमी करण्यात आला. इतरत्र तो २०० मी. च राहिला. या बदलामुळे किनाऱ्यावरील रहिवाशांना घरे बांधणे सुकर होईल, असे समर्थकांचे म्हणणे आहे. मोकळा पट्टा घटल्यास हॉटेले व गृहप्रकल्प पुळणीपर्यंत येतील आणि जाळी वाळविण्याची व होड्या ओढण्याची जागा जाईल, असा आक्षेप मासेमार संघटनांनी घेतला. दोन्ही बाजूंचे हे म्हणणे एकाच गावाच्या गरजांतून निघालेले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

भरतीरेषा व मापन : वरील सर्व अंतरे भरतीरेषेपासून मोजली जातात, म्हणून ती रेषा कोठे आखली यावर प्रत्येक भूखंडाचे भवितव्य ठरते. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत ५ मी. च्या आसपास फरक पडू शकतो. सपाट खाडीकाठी यामुळे पाणी फार आतपर्यंत येते, तर कड्याच्या पायथ्याशी रेषा जेमतेम हलते. खाडीतून किनारा नियमन क्षेत्र आत कोठवर जाते हे ठरविण्यासाठी वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्यातील क्षारता दर हजारी ५ भाग जेथपर्यंत आढळते, तेथपर्यंत भरतीचा प्रभाव मानतात. मापनाच्या प्रमाणाचा परिणाम किती होतो, हे किनाऱ्याच्या लांबीवरून दिसते. भारताच्या किनाऱ्याची लांबी दीर्घकाळ ७,५१६.६ किमी. मानली जात असे. अधिक सूक्ष्म मापनानंतर ती ११,०९८.८१ किमी. अशी सुधारण्यात आली. पाठ्यपुस्तकांतून ७२० किमी. म्हणून परिचित असलेला महाराष्ट्राचा किनारा या मापनात सु. ८७८ किमी. भरला. किनारा वाढला नाही. पूर्वी सरळ रेषेने ओलांडलेली खाडी-वळणे आता मोजली गेली.

महाराष्ट्रातील उदाहरणे : मालवण येथे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा सु. २९ चौ. किमी. चा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, त्यातील सु. ३ चौ. किमी. गाभा क्षेत्र आहे. येथील प्रवाळ व सागरी जीवसृष्टी महत्त्वाची असली, तरी मासेमारी बंद होईल या भीतीने स्थानिकांनी अभयारण्यास प्रदीर्घ विरोध केला व अंमलबजावणी रेंगाळली. ज्या समुद्रावर गाव जगते तो राखीव करताना गावाला आधी विचारले नाही, तर संरक्षणाचा उद्देश मान्य असलेले लोकही विरोधात जातात, हा धडा येथे मिळाला. ठाणे खाडीत मात्र २०१५ मध्ये सु. १,६९० हेक्टरांचे रोहित पक्षी अभयारण्य होऊन २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. खारफुटीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीस मनाई केली व २०१८ च्या अंतिम निर्णयात खारफुटीभोवती ५० मी. चा संरक्षक पट्टा राखण्यास सांगितले.

डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्याने १९९८ मध्ये वाढवण येथील नियोजित बंदरास परवानगी नाकारली. पंचवीस वर्षांनी, ३१ जुलै २०२३ रोजी, त्याच प्राधिकरणाने नव्या स्वरूपातील बंदरास अटींसह अनुमती दिली. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्यात समुद्रात १,४४८ हेक्टर भराव व १०.१४ किमी. लांबीचा लाटारोधक बांध यांचा समावेश आहे. किनाऱ्याजवळच सु. २० मी. खोली मिळत असल्याने महाकाय जहाजांसाठी ही जागा योग्य आहे, असे शासनाचे म्हणणे आहे. आपली मासेमारीची जागाच भरावाखाली व बंदराच्या हद्दीत जाईल, असे स्थानिक मासेमारांचे म्हणणे आहे. एकाच जागेचे गुण दोन्ही वापरांना हवे असतील, तर नियोजनाने मध्यममार्ग निघेलच असे नाही. अशा वेळी निवड करावी लागते आणि ज्याचे जाते त्याला काय द्यावयाचे, हा प्रश्न निवडीचाच भाग ठरतो.

मुंबईच्या सागरी किनारी रस्त्याचे उदाहरण याहून लहान असले, तरी अधिक बोधप्रद आहे. भरावावर रस्ते बांधण्यास अपवाद म्हणून मुभा देणारी सुधारणा डिसेंबर २०१५ मध्ये किनारा नियमन अधिसूचनेत झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये या रस्त्याची मंजुरी रद्द केली; याचिकाकर्त्यांत वरळी कोळीवाड्यातील मच्छीमार सहकारी संस्थाही होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये त्या निर्णयास स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. पुढे वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या खांबांचा प्रश्न निघाला. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या नौकांचा मार्ग या खांबांमधून जाणार होता व आराखड्यात दोन खांबांमधील अंतर ६० मी. ठेवलेले होते. वाऱ्यात व भरतीच्या ओढीत एवढ्या जागेतून नौका सुरक्षितपणे नेणे धोक्याचे आहे, असे सांगून मासेमारांनी अधिक अंतराची मागणी केली व काम रोखले. डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब कमी करून हे अंतर १२० मी. करण्याचे मान्य झाले. नौकांचा मार्ग आराखडा करतेवेळीच नकाशावर असता, तर हे अंतर वाद व विलंब न होता ठरले असते. १८७६ मध्ये दोन खुंटांमधील अंतराचा जो प्रश्न होता, तोच सु. दीडशे वर्षांनी दोन खांबांमधील अंतराच्या रूपाने पुन्हा उभा राहिला.

नदीखोऱ्यांशी संबंध : किनारा नियमनाची हद्द क्षारतेच्या रेषेपाशी संपते, किनाऱ्याला आकार देणारी प्रक्रिया मात्र तेथे संपत नाही. पुळणी व त्रिभुज प्रदेश नद्यांनी आणलेल्या गाळावर टिकून असतात. बारवांसाठी प्रसिद्ध असलेले परभणी जिल्ह्यातील वालूर (ता. सेलू) हे गाव कोणत्याही समुद्रापासून शेकडो किमी. आत आहे. तरी त्या परिसरातील पाणी गोदावरीच्या खोऱ्यातील असल्याने अखेर बंगालच्या उपसागराला जाते. सेलू तालुक्यातील दुधना नदी पूर्णेला व पूर्णा गोदावरीला मिळते. दुधनेवर याच तालुक्यात निम्न दुधना प्रकल्पाचे धरण आहे, तर गोदावरीवर पैठणजवळ जायकवाडीचे. अवर्षणप्रवण मराठवाड्याला हे पाणी अत्यावश्यक आहे. परंतु खोऱ्यातील धरणांत पाण्याबरोबर गाळही अडतो. गोदावरीच्या मुखाशी पोहोचणारा गाळ घटल्याने आंध्र प्रदेशातील त्रिभुज प्रदेशाच्या काही भागांत किनारा मागे हटत असल्याचे आढळले आहे. म्हणजे मराठवाड्यातील पाण्याच्या नियोजनाचा हिशेब आंध्रच्या किनाऱ्यावरही मांडला जातो. उलट दिशेनेही असाच संबंध आहे. पश्चिमवाहिनी नसलेली कोयना वीजनिर्मितीनंतर बोगद्यांतून वाशिष्ठीच्या खोऱ्यात सोडली जाते व त्यामुळे त्या नदीतील गोड्या पाण्याचे प्रमाण मूळच्यापेक्षा वेगळे झाले आहे. म्हणून अलीकडे खोरे व किनारा यांचा एकत्र विचार करण्यावर भर दिला जातो.

इतर देशांतील प्रयत्न : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७२ मध्ये किनारी क्षेत्र व्यवस्थापन कायदा झाला. ऑस्ट्रेलियाने १९७५ च्या कायद्यान्वये ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यान स्थापून त्याचे वापरानुसार विभाग पाडले. आधुनिक सागरी क्षेत्र नियोजनाचा हा आद्य नमुना मानतात. २००४ पासून या सु. ३,४४,४०० चौ. किमी. क्षेत्रापैकी एकतृतीयांश भागात मासेमारीस बंदी आहे. चीनमध्ये समुद्रक्षेत्राच्या वापरासंबंधीचा कायदा २००२ मध्ये अंमलात आला. उत्तर समुद्रातील लहानशा क्षेत्रात पवनचक्क्या, जहाजमार्ग, वाळूउपसा व मासेमारी यांची दाटी झालेल्या बेल्जियमने २०१४ मध्ये सर्वंकष आराखडा लागू केला व तो दर सहा वर्षांनी तपासण्याची तरतूद केली. यूरोपीय संघाने त्याच वर्षी निदेश काढून किनारी सदस्यराष्ट्रांना असे आराखडे बंधनकारक केले. भारताने नॉर्वेच्या सहकार्याने पुदुच्चेरी व लक्षद्वीप या दोन ठिकाणी प्रायोगिक नियोजन हाती घेतले असून त्याची घोषणा २०२१ मध्ये झाली.

प्रक्रिया व मर्यादा : सागरी क्षेत्राचा आराखडा साधारणपणे पुढील टप्प्यांनी तयार होतो : नैसर्गिक संपत्तीची व प्रचलित वापरांची नोंद, त्यांचे नकाशे, परस्परविरोधी वापर शोधणे, भावी गरजांचा अंदाज, संबंधितांशी विचारविनिमय, विभागांची आखणी, अंमलबजावणी आणि ठराविक काळाने फेरतपासणी. यांपैकी पहिला टप्पा सर्वांत दुर्लक्षित राहतो. तळाची खोली, जहाजमार्ग, तेलवाहिन्या व खारफुटी यांची माहिती शासनाकडे किंवा उपग्रहचित्रांत तयार मिळते. डोल जाळ्यांचे खुंट, रापणीच्या पुळणी, होड्यांचे ये-जा करण्याचे मार्ग, शिंपल्या व खुब्या गोळा करणाऱ्या स्त्रियांच्या ओहोटीच्या जागा, जाळी व मासळी वाळविण्याची मैदाने यांची माहिती मात्र माणसांच्या स्मरणात असते व ती विचारल्याशिवाय मिळत नाही. यांतील काही जागा वर्षातून दोन-तीन महिनेच वापरात असतात; सर्वेक्षण त्या काळात झाले नाही, तर त्या रिकाम्या म्हणून नोंदल्या जातात.

नियोजनावर दोन्ही बाजूंनी टीका होते. विभाग पाडल्याने सामाईक समुद्र मोठ्या उद्योगांना तुकड्या-तुकड्याने देणे सोपे होते, असे काहींचे मत आहे. नियमांची गुंतागुंत विकासाला खीळ घालते, असे इतरांना वाटते. नकाशावर नोंद झाल्याने मासेमारांच्या जागा उघड होऊन त्या हिरावल्या जाण्याची भीतीही काही मासेमार व्यक्त करतात. ती निराधार नाही. नोंदीबरोबर कायदेशीर हक्काची हमी नसेल, तर नोंद दुसऱ्याच्याच उपयोगी पडू शकते. हवामानातील बदलाने समुद्राची पातळी वाढत आहे व अरबी समुद्रातील चक्रीवादळांची तीव्रताही वाढली आहे. २०२० मध्ये ‘निसर्ग’ व २०२१ मध्ये ‘तौक्ते’ या वादळांनी कोकणचे मोठे नुकसान केले. भारतीय सर्वेक्षण विभागाने आखलेली धोका रेषा २०१९ च्या अधिसूचनेनुसार आपत्तिनिवारणापुरती मार्गदर्शक आहे, बांधकामावर ती बंधनकारक नाही. या परिस्थितीत भरतीरेषा एकदाच आखून चालणार नाही. ती व तिच्यावर आधारलेले आराखडे ठराविक काळाने पुन्हा तपासावे लागतील. त्या प्रत्येक तपासणीत किनाऱ्यावरील गावांची नोंद गावांच्याच साक्षीने झाली, तरच आराखडा प्रत्यक्ष समुद्राशी जुळता राहील.